तलावाचें पाणी आणि पोहणाराचें कर्तव्य

वार्षिक परीक्षा संपून उन्हाळ्याची सुटी लागली, कीं शहरांतील पोहण्याचे तलाव गजबजून जातात. सकाळच्या वर्गाला गेलेलीं मुलें नऊच्या सुमारास घरीं परततात, तीं भुकेनें कासावीस झालेलीं; केस ओले आणि डोळे गुंजेसारखे लाल. अंगाला एक उग्र दर्प येत असतो. आई टॉवेलानें डोकें पुसतां पुसतां म्हणते, "आज तलावांत औषध फार घातलेलें दिसतें." वडील वर्तमानपत्रांतून मान वर काढून तिला दुजोरा देतात. दुसऱ्या दिवशीं चार पालक मिळून तलावाच्या व्यवस्थापकाकडे गाऱ्हाणें नेतात, कीं औषध कमी करा, मुलांचे डोळे चुरचुरतात.

गाऱ्हाणें खरें असतें. परंतु त्यामागचें निदान बहुधा उलटें असतें. डोळे चुरचुरतात हें खरें, दर्प येतो हेंहि खरें; मात्र तो दर्प ताज्या क्लोरीनचा नसतो. पोहणारांच्या घामाशीं व मूत्राशीं संयोग पावून ज्याची शक्ति बहुतांशीं सरली आहे, अशा क्लोरीनचा तो असतो. दर्प वाढला म्हणजे औषध जास्त झालें असें नव्हे. पाण्यांतील मळ औषधाला पुरून उरला, असा त्याचा बहुतेक वेळां अर्थ होतो. अशा वेळीं व्यवस्थापकानें भिडेस पडून औषध खरोखरच कमी केलें, तर डोळ्यांची चुरचुर थांबत नाहींच. उलट रोगजंतूंना मोकळें रान मिळतें. एका गैरसमजापायीं पालक आपल्याच मुलांवरील पहारा उठवून बसतात. हा गैरसमज दूर व्हावा आणि तलावाच्या आरोग्यांत व्यवस्थापकाचा वांटा किती व पोहणाराचा किती, हें श्रोत्यांच्या ध्यानीं यावें, एवढाच या भाषणाचा उद्देश आहे.

मागील पिढ्यांतील महाराष्ट्रीय माणूस पोहायला शिकला तो गांवच्या विहिरींत किंवा नदीच्या डोहांत. पाठीला वाळलेला भोपळा, नाहीं तर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधलेला. कांठावर एखादा काका किंवा मामा धाक घालीत उभा. कांहीं दिवसांनीं भोपळा सुटे, आणि थोड्याच अवधींत पोरगें विहिरीच्या कठड्यावरून बेधडक सूर मारूं लागे. तें पाणी सर्वस्वीं निर्दोष होतें असें कोणी म्हणणार नाहीं. पटकीसारखे रोग अशाच पाण्यांतून पसरले. तरीहि नदीला ओघ असे, विहिरीला जिवंत झरे असत, मोटेनें रोजचा उपसा होई, आणि पोहणारे गांवांतले मोजकेच असत. निसर्गच थोड्याबहुत प्रमाणांत पाणी पालटीत असे.

शहरांतील तलावाची गोष्ट निराळी. बहुतेक तलाव सिमेंटचे, आंत गुळगुळीत फरशी बसविलेले. त्यांना झरा नाहीं कीं ओघ नाहीं. पंचवीस मीटर लांब, बारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल अशा तलावांत सुमारें साडेचार लाख लिटर पाणी मावतें. इतकें पाणी रोज सोडून देऊन नवें भरणें कोणत्याहि नगरपालिकेस परवडण्यासारखें नाहीं. म्हणून तेंच पाणी गाळून, औषध घालून, पुन्हां पुन्हां तलावांत सोडण्यांत येतें, आणि उन्हाळ्यांत त्याच पाण्यांत दिवसभरांत शेंकडों माणसें उतरतात. घरांत एकाच बादलींत दहा जणांनीं अंघोळ करण्याची कल्पनाहि कोणास सहन होणार नाहीं. पोहण्याचा तलाव म्हणजे शेंकडों जणांची एक मोठी बादलीच होय.

या बादलींत प्रत्येक जण कांहीं ना कांहीं सोडून जातो. घाम, थुंकी, त्वचेचे सूक्ष्म कण, केसांचें तेल, पावडर आणि मलम हे त्यांतले उघड पदार्थ. याखेरीज वरकरणी स्वच्छ दिसणाऱ्या माणसाच्या अंगावरहि सरासरी ०.१४ ग्रॅम विष्ठेचा अंश असतो, असा अमेरिकेतील सरकारी रोगनियंत्रण केंद्राचा हिशेब आहे. एकट्याचा अंश क्षुल्लक; पण दिवसाकाठीं पांचशें माणसें उतरलीं तर तोच ७० ग्रॅम होतो.

मूत्राचा प्रश्न सभ्य घरांत सहसा बोलला जात नाहीं. आरोग्यशास्त्राला मात्र तो टाळतां येत नाहीं. कॅनडांतील अल्बर्टा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं या बाबतींत एक नामी युक्ति योजली. पेयांत व गोड खाद्यांत घालतात तें असेसल्फेम नांवाचें कृत्रिम गोडवाचें द्रव्य शरीरांत पचत नाहीं. तें जसेंच्या तसें मूत्रावाटे बाहेर पडतें, आणि क्लोरीनमिश्रित पाण्यांतहि टिकून राहतें. तेव्हां तलावाच्या पाण्यांत तें जितकें सांपडेल, त्यावरून मूत्राचें प्रमाण ताडतां येतें. सुमारें ८ लाख ३० हजार लिटरच्या एका तलावांत या रीतीनें अंदाजे ७५ लिटर मूत्र असल्याचें आढळलें. त्याच्या निम्म्या आकाराच्या दुसऱ्या तलावांत तें सुमारें ३० लिटर भरलें. हे तलाव कोणा मागासलेल्या वस्तींतले नव्हते; सुधारलेल्या देशांतील सार्वजनिक तलाव होते. शिक्षणानें ही खोड आपोआप जाते, या समजुतीला त्यामुळें चांगलाच धक्का बसला.

मळ सांचतो हें पूर्वींच्या लोकांनाहि ठाऊक होतें. त्यावर इलाज मात्र नव्हता. पाणी गाळून पुन्हां वापरण्याची यंत्रें येण्यापूर्वीं इंग्लंडांतील सार्वजनिक तलाव ठराविक दिवशीं ताज्या पाण्यानें भरीत आणि पुढील कांहीं दिवस तेंच पाणी चालवीत. पहिल्या दिवशींचें प्रवेशशुल्क अधिक, पुढें पाणी गढूळ होत जाई तसतसें शुल्क उतरत जाई. ज्याच्या खिशांत पैसा, त्याला निर्मळ पाणी; गरिबाच्या वांट्यास आठवड्याचा शेवटचा गढूळ हौद. आरोग्याची अशी विक्री उघडपणें चालत असे, आणि तींत कोणाला विपरीत वाटत नसे.

हा प्रकार बंद पाडण्याचें श्रेय गाळण्यांच्या जोडीला क्लोरीनकडे जातें. इंग्लंडांतील लिंकन शहरीं १९०५ सालीं विषमज्वराची सांथ आली, तेव्हां पिण्याच्या पाण्यांत क्लोरीनयुक्त द्रव सतत मिसळण्यांत आला. १९०८ सालीं अमेरिकेंतील जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यांत हीच पद्धति कायमची सुरू झाली, आणि १९१० च्या सुमारास ऱ्होड आयलंडमधील ब्राउन विद्यापीठाच्या तलावांत ती पोहण्याच्या पाण्यासाठीं वापरण्यांत आली. तेव्हांपासून आजतागायत तलावाचा मुख्य पहारेकरी क्लोरीनच आहे. कोठें तो वायुरूपानें सोडतात, कोठें ब्लीचिंग पावडर कालवून घालतात, तर कोठें गोळ्यांच्या रूपानें देतात, कार्य एकच.

हा पहारेकरी काम कसें करतो, हें थोडक्यांत पाहण्यासारखें आहे. क्लोरीन पाण्यांत मिसळला कीं हायपोक्लोरस आम्ल तयार होतें. जंतूंचा संहार करणारें खरें अस्त्र तें हेंच. परंतु पाणी किती आम्ल वा किती अल्क आहे, यावर त्याचें बळ अवलंबून असतें. ही आम्लता पीएच या मापानें मोजतात. तें माप ७.५ असतां पाण्यांतील मुक्त क्लोरीनपैकीं जवळजवळ निम्मा भाग या प्रभावी रूपांत असतो. माप ८ वर गेलें कीं तो सुमारें चौथाईवर येतो. म्हणजे औषध तितकेंच घातलें तरी पाणी अधिक अल्क होतांच त्याची धार बोथट होते. म्हणून पीएच ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान ठेवावा आणि दहा लाख भाग पाण्यांत मुक्त क्लोरीन निदान एक भाग तरी असावा, हा सर्वसाधारण दंडक आहे. उघड्यावरील तलावांत आणखी एक अडचण असते. कडक उन्हानें क्लोरीन झपाट्यानें नाश पावतो; सकाळीं भरपूर असलेला सांठा दुपारीं पुरेसा राहीलच असा भरंवसा नसतो.

आतां त्या दर्पाकडे वळावें. पाण्यांत ज्याला अजून कशाशीं संयोग करावा लागला नाहीं, तो मुक्त क्लोरीन. घाम व मूत्र यांतील नत्रयुक्त द्रव्यांशीं ज्याचा संयोग झाला, तो बद्ध क्लोरीन. मुक्त क्लोरीन हा हातीं काठी घेऊन सज्ज असलेला पहारेकरी म्हटला, तर बद्ध क्लोरीन हा चोराच्या मिठींत सांपडलेला पहारेकरी होय. तो जागेवर दिसतो खरा, पण त्याच्याकडून रक्षण फारसें होत नाहीं. अशा संयोगांतून क्लोरामाइन नांवाचीं द्रव्यें बनतात. डोळ्यांची आग, घशांतील खवखव आणि तो ओळखीचा उग्र वास हीं मुख्यतः त्यांचींच कृत्यें. नीट राखलेल्या तलावाला जवळजवळ वास येत नाहीं, ही गोष्ट प्रत्येक पालकानें मनांत पक्की धरावी.

या द्रव्यांपैकीं ट्रायक्लोरामाइन हें पाण्यांत न राहतां हवेंत उडतें आणि छपराखालील बंदिस्त तलावांत पाण्याच्या पृष्ठभागावर सांचून राहतें. पोहणारा नेमका तेथूनच श्वास घेतो. २००२ सालीं इंग्लंडांतील वैद्यांनीं प्रसिद्ध केलेल्या एका अहवालांत तलावावर काम करणाऱ्या माणसांना याच हवेनें दमा जडल्याचें दाखवून दिलें. कामाच्या जागेपासून दूर राहतांच त्यांचा त्रास हटला. बंदिस्त तलावाला खेळती हवा कां लागते, याचें उत्तर यांत आहे. दम्याची प्रवृत्ति असलेल्या मुलाच्या आईबापांनीं तर तलाव निवडतांना छपराच्या शोभेपेक्षां झरोक्यांकडे आधीं पाहावें.

चुरचुर आणि दर्प हीं झालीं मळाचीं दृश्य चिन्हें. पहारा ढिला पडला असतां जे रोग जडतात, ते याहून भारी असतात. ॲडेनोव्हायरस जातीच्या विषाणूंमुळें ताप, घसादुखी आणि डोळे येणें अशी तिहेरी पीडा एकाच वर्गांतील मुलांना एकाच आठवड्यांत होते. कानांत पाणी राहून तेथील त्वचा मऊ पडली कीं सूडोमोनास नांवाचे जंतु तिच्यांत शिरतात. मग कानाची पाळी ओढतांच मूल कळवळतें. अशा वेळीं आगकाडी किंवा केसांची पिन घालून कान कोरणें म्हणजे आगींत तेल ओतणें होय. डोकें एका बाजूस कलवून पाणी निथळूं द्यावें, कान बाहेरून कोरड्या फडक्यानें टिपावा, दुखूं लागल्यास वैद्यास दाखवावा. पायांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या आणि तळपायाच्या चामखिळी यांचा उगम तलावाच्या पाण्यापेक्षां कपडे बदलण्याच्या खोलीच्या ओल्या जमिनींत असतो. तेथें स्वतःच्या चपला वापरणें आणि दुसऱ्याचा टॉवेल न घेणें हा साधा उपाय आहे.

पोटाचे रोग मात्र तलावांतूनच पसरतात, आणि तेथें क्लोरीनच्या सामर्थ्याची खरी परीक्षा होते. दहा लाखांत एक भाग मुक्त क्लोरीन, पीएच ७.५ आणि पाण्याची उष्णता २५ अंश सेंटिग्रेड असतां, जुलाब घडविणारे ई. कोलाय जातीचे घातक जंतु एका मिनिटाच्या आंत मरतात. काविळीच्या अ प्रकारचा विषाणु सुमारें १६ मिनिटें तग धरतो. जिआर्डिया हा आंतड्यांतील परोपजीवी जंतु सुमारें ४५ मिनिटें टिकतो. क्रिप्टोस्पोरिडियम नांवाचा दुसरा परोपजीवी मात्र आपल्या चिवट कवचाच्या आधारें १५,३०० मिनिटें, म्हणजे साडेदहा दिवसांहून अधिक काळ, त्याच पाण्यांत जिवंत राहतो. जुलाब होत असलेलें एखादें मूल सोमवारीं सकाळीं तलावांत उतरलें, तर त्याच्या अंगावरून सुटलेला जंतु पुढच्या आठवड्यांतील बुधवारच्या वर्गालाहि तेथें हजर असूं शकतो. मधल्या काळांत नियमानें क्लोरीन घालणाऱ्या व्यवस्थापकाला यासाठीं दोष देतां येणार नाहीं.

येथें औषधाची मर्यादा संपते आणि माणसाच्या विवेकाचें काम सुरू होतें. ज्याला जुलाब होत आहेत त्यानें, मग तो लहान असो कीं मोठा, तलावांत पाऊल टाकूं नये. रोग क्रिप्टोस्पोरिडियमचा आहे असें निदान झालें असल्यास जुलाब थांबल्यानंतरहि पुरे दोन आठवडे पोहणें वर्ज्य करावें. कारण प्रकृति सुधारली तरी जंतु शरीरांतून बाहेर पडत राहतात. महिन्याचे पैसे भरले आहेत, ते फुकट कां घालवावयाचे, हा विचार अशा वेळीं पुष्कळ सुशिक्षित घरांत बळावतो. त्या चार दिवसांच्या पैशांचा हिशेब दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाच्या आजारपणानें चुकता होतो, हें तेथें ध्यानांत घेतलें जात नाहीं.

व्यवस्थापकाच्या वांट्याचें कर्तव्यहि लहान नाहीं. त्यांत हयगय झाली तर काय ओढवतें, याचें एक दारुण उदाहरण पूर्वींच्या चेकोस्लोव्हाकियांत घडलें. एल्ब नदीकांठच्या उस्ती नाद लाबेम या शहरांत १९६२ ते १९६५ या काळांत १६ धडधाकट तरुण मेंदूच्या तीव्र दाहानें मृत्युमुखीं पडले. हे सर्व एकाच बंदिस्त तलावांत पोहलेले होते. नेग्लेरिया फाऊलेरी हा अमीबा नाकांत शिरलेल्या पाण्यावाटे मेंदूपर्यंत पोहोंचून हा रोग घडवितो. पुढें शोध घेतां त्या तलावाच्या भिंतीमागें एक पोकळी आढळली. तिच्यांत कोमट पाणी सांचत होतें, आणि तेथें क्लोरीनचा पुरेसा शिरकाव होत नव्हता. २०२४ सालीं केरळांत कांहीं मुलें याच रोगानें दगावलीं, तेव्हां हें नांव भारतीय वृत्तपत्रांत घरोघर पोहोंचलें. हा रोग अत्यंत विरळा आहे. पाणी प्याल्यानें तो होत नाहीं, आणि योग्य प्रमाणांत क्लोरीन असलेल्या पाण्यांत या अमीबाचा निभाव लागत नाहीं. भिऊन पोहणें सोडावें असें यांत कांहींच नाहीं. परंतु भिंतीची भेग, निखळलेली फरशी आणि शेवाळलेला कोपरा या केवळ डोळ्यांना खुपणाऱ्या गोष्टी नव्हेत, एवढें यांतून अवश्य शिकावें.

औषधाचा बेहिशेबी मारा हाहि उपाय नव्हे. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यांत शार्लट्सविल येथें एका क्लबांतील शर्यतीच्या पोहणारांच्या दांतांचें वरचें कवच झिजत चालल्याचें आढळलें. त्याचा वृत्तान्त १९८६ सालीं प्रसिद्ध झाला. त्या तलावांत क्लोरीन वायुरूपानें सोडीत, आणि या पद्धतींत पाणी आम्ल होत जातें. तेथील पाण्याचा पीएच २.७, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरइतका, उतरला होता. पाणी दिसावयास निर्मळच होतें. नुसत्या नजरेनें किंवा अंदाजानें औषध घालणें किती धोक्याचें, हें यावरून कळून येईल.

म्हणून चांगला व्यवस्थापक अंदाजावर विसंबत नाहीं. तो दिवसांतून अनेक वेळां पाण्याचा नमुना घेतो, नळींत परीक्षेची गोळी टाकतो, आणि पाण्याला चढलेला गुलाबी रंग ठराविक रंगांशीं ताडून मुक्त क्लोरीन किती, बद्ध किती, तें फळ्यावर लिहून ठेवतो. तुरटीनें किंवा तत्सम द्रव्यानें बारीक गाळ एकवटून वाळूच्या गाळणींत अडवितो, आणि सगळें पाणी चारसहा तासांत एकदां गाळणींतून फिरेल अशी पंपाची योजना ठेवतो. भिंती घासतो, गाळणी उलट्या प्रवाहानें धुतो, आणि रोज थोडें जुनें पाणी काढून नवें घालतो. कारण गाळणीला न अडणारी विरघळलेली घाण कमी करण्यास दुसरा सोपा मार्ग नाहीं. जर्मनीच्या नियमांत दर पोहणारामागें ३० लिटर ताजें पाणी घालावें असें प्रमाण दिलें आहे. आम्ल व ब्लीचिंग पावडर तो एकमेकांजवळ ठेवीत नाहीं, आणि एका भांड्यांत तर कधींच मिसळूं देत नाहीं. कारण त्या मिश्रणांतून सुटणारा क्लोरीन वायु जवळच्या माणसाच्या जिवावर बेतूं शकतो.

हें सारें नीट चाललें आहे कीं नाहीं, हें ओळखण्यास पालकांना रसायनशास्त्राची पदवी नको. तलावाच्या दारांत शिरतांच नाकाला झोंबणारा वास येतो काय, हें पाहावें. कांठावर उभें राहून सर्वांत खोल भागांतील तळाची जाळी स्पष्ट दिसते काय, हें पाहावें. ती दिसत नसेल तर त्या दिवशीं कोणीहि पाण्यांत उतरूं नये, कारण गढूळ पाण्यांत बुडालेलें मूलहि वेळीं दृष्टीस पडत नाहीं, आणि हा धोका कोणत्याहि जंतूपेक्षां तातडीचा आहे. भिंतीला हात लावून ती बुळबुळीत लागते काय, हें पाहावें. शेवटीं फळ्यावरील आंकडे आजचे आहेत कीं मागील आठवड्यांतले, हें पाहावें. फळाच नसेल, तर औषध कमी करा असें गाऱ्हाणें नेण्याऐवजीं फळा लावा अशी मागणी न्यावी. ती मागणी चार पालकांनीं मिळून केली, तर पहिल्या गाऱ्हाण्याहून ती पुष्कळ फलदायी होईल.

आतां पोहणाराच्या कर्तव्याविषयीं. सर्वांत मोठें आणि सर्वांत सोपें कर्तव्य म्हणजे पाण्यांत उतरण्यापूर्वीं अंग धुणें. हॉलंडांतील संशोधकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसलें, कीं फवाऱ्याखालीं उभें राहिल्यावर अंगावरून सुटणाऱ्या मळापैकीं बहुतेक मळ पहिल्या एका मिनिटांतच निघून जातो. आपल्याकडील चाल पाहिली तर पुष्कळ जण फवाऱ्याखालीं डोकें नुसतें पुढें करतात, रखवालदाराची नजर चुकवून तसेच तलावाकडे धांवतात, आणि पोहून झाल्यावर मात्र साबण लावून मनसोक्त अंघोळ करतात. आपल्या अंगावरील तलावाचें पाणी जावें याची त्यांना काळजी. आपल्या अंगावरचा मळ तलावांत जाऊं नये याची नाहीं. डोक्यावर चोपडलेलें तेल व अंगावरील पावडर हींहि आधींच धुवून टाकावीं. नाहीं तर जंतूंसाठीं घातलेला क्लोरीन तेल जिरविण्यांतच खर्ची पडतो. रस्त्यावर वापरलेली चड्डी किंवा बनियन घालून उतरूं नये. पोहण्याचा निराळा पोशाख त्याचसाठीं आहे.

लहान मुलांना पाण्यांत सोडण्यापूर्वीं लघवीला पाठवावें, आणि तासाभरानें पुन्हां बाहेर बोलवावें. तलावांत कोणाला कळत नाहीं, ही गोष्ट मूल बहुधा मोठ्यांच्या हसण्यावरूनच शिकतें; तेव्हां या विषयावरील थट्टा घरांतूनच बंद व्हावी. पाण्याची चूळ भरून कारंजें उडविण्याचा खेळ मुलांना फार आवडतो. पाणी तोंडांत घ्यावयाचें नाहीं, ही शिस्त पहिल्याच दिवशीं लावून द्यावी. अंगावर उघडी जखम, वाहता कान किंवा आलेले डोळे असतां घरीं राहावें. पान किंवा तंबाखू तोंडांत ठेवून पोहणाराविषयीं अधिक बोलण्याची गरज नाहीं.

हीं बंधनें परकीय किंवा नवीं आहेत असेंहि कोणी समजूं नये. पाण्यांत मलमूत्र करूं नये व थुंकूं नये, हा निर्बंध मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत घातलेला आहे. त्या ग्रंथांतील इतर वचनांविषयीं कोणाचें कांहींहि मत असो, या एका निर्बंधाला आजचें जंतुशास्त्र पूर्ण पाठिंबा देतें.

माणसांच्या संवयी बदलून पाण्यांतला रोग समूळ नाहींसा होऊं शकतो, याचा दाखला याच देशांत घडला आहे. नारूच्या रोगानें पायऱ्यांच्या विहिरींवर पाणी भरणारीं गांवेंच्या गांवें एके काळीं खिळून पडत. नारू झालेला माणूस दुखरा पाय घेऊन पायऱ्या उतरे, पाण्यांत पाय बुडवी, आणि त्या क्षणीं असंख्य सूक्ष्म अळ्या विहिरींत सोडून वर येई. त्या अळ्या पाण्यांतील बारीक जीवांच्या पोटांत जात, आणि तेंच पाणी प्यालेल्या माणसास वर्षभरानें नारू होई. या रोगावर लस निघाली नाहीं कीं रामबाण औषध सांपडलें नाहीं. विहिरींना कठडे बांधले, पायऱ्या बंद केल्या, पाणी फडक्यानें गाळून घेण्याचा परिपाठ पाडला, जरूर तेथें पाण्यांत औषध टाकलें, आणि नारू झालेल्यास पाण्यांत पाय घालूं दिला नाहीं. १९९६ च्या जुलै महिन्यांत भारतांतील शेवटचा रोगी नोंदला गेला, आणि २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें हा देश नारूमुक्त असल्याचें जाहीर केलें. खेड्यांतील निरक्षर माणसांनीं जें करून दाखविलें, तें शहरांतील शिकलेल्या कुटुंबांना अशक्य वाटूं नये. तेथें पाय आवरावयाचा होता, येथें फवाऱ्याखालीं एक मिनिट उभें राहावयाचें आहे.

पोहणें हा सर्वांगाला व्यायाम देणारा आणि सांध्यांवर भार न टाकणारा उत्तम प्रकार आहे. शिवाय प्रसंगीं तो स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव वांचवितो. मुलांना तो अवश्य शिकवावा. मात्र उद्यां मूल लाल डोळ्यांनीं घरीं आलें, तर आईनें औषधाला बोल लावण्यापूर्वीं त्याला एक प्रश्न विचारावा, "पाण्यांत उतरण्याआधीं अंघोळ केली होतीस का?" आणि त्या मुलाच्या वडिलांनीं, तेहि सकाळीं तलावावर जात असतील तर, वर्तमानपत्र बाजूस ठेवून त्याच प्रश्नाचें उत्तर स्वतःच्या मनाशीं द्यावें.